पाच रुपयांची पावती, एका तासाचा बाजार

मार्च २०२१ च्या अखेरच्या दिवसांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकच्या मुख्य बाजारपेठांमध्ये शिरायला पावती लागू झाली. माणशी ५ रुपये, मुदत एक तास, त्यापेक्षा जास्त थांबलात तर ५०० रुपये दंड. तत्कालीन पोलीस आयुक्त दीपक पांडेय यांनी उपाय जाहीर करताना सांगितलेलं कारण सरळ होतं: पुन्हा लॉकडाउन लावायची वेळ येऊ नये म्हणून गर्दीला आवर घालायचा. मेन रोड-शालिमारचा जुना बाजार, सिडकोतलं पवननगर, सातपूरचं अशोकनगर, पंचवटीतली बाजार समिती अशी गर्दीची ठिकाणं त्यात होती. जमा होणारी रक्कम महापालिकेकडे जाणार होती. बातमी बघता बघता देशभर गेली. मग ५ एप्रिलच्या रात्री ८ पासून राज्य सरकारने अत्यावश्यक नसलेली दुकानं बंदच केली आणि मेन रोडसारख्या बाजारात पावतीचा प्रश्न उरला नाही.

‘बाजारात जायलाही तिकीट’ एवढ्याच अंगाने बहुतेकांनी या उपायाकडे पाहिलं. आमचं मत वेगळं आहे. या पावतीतला तास योग्य होता आणि पाच रुपये चुकीचे होते. पाच रुपयांच्या वादात तासाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. निर्बंध, मास्क आणि रुग्णांचे रोजचे आकडे या तिन्हींना लोक कसा प्रतिसाद देतात हे इथे एकाच बाजारात दिसतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहोत.

पावती येण्याआधीचा महिना

फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यात नाशिकमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ अशी संचारबंदी आली. मार्चमध्ये दुकानांची वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७ झाली आणि शनिवार-रविवार बाजार बंद राहू लागला. २६ मार्चपासून शहरात भरायचं ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पुढे ढकललं गेलं, ते शेवटी डिसेंबरात झालं. २ एप्रिलच्या रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, उघडल्या नाहीत. ३० मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याने देशातले सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेले दहा जिल्हे सांगितले, त्यात नाशिक होतं.

एवढं असून गर्दी का हटत नव्हती, याचं उत्तर घड्याळात होतं. नाशकात मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारी १ ते ४ या वेळेत कापड घ्यायला कुणी मेन रोडला जात नाही. लोक घराबाहेर पडतात ते ऊन कललं की, पाचच्या सुमारास. पूर्वी ही संध्याकाळची खरेदी रात्री नऊ-साडेनऊपर्यंत पसरायची. सातला शटर ओढायचं ठरल्यावर तेवढीच माणसं पाच ते सात या दोन तासांत आली. त्यात शनिवार-रविवार बंद, म्हणजे नोकरदाराला शुक्रवारची संध्याकाळ नाहीतर सोमवारची. गुढीपाडवा १३ एप्रिलला होता आणि घराघरांत एप्रिल-मेच्या मुहूर्तांची तयारी चालू होती. वेळ कापली की गर्दी कमी होईल ही समजूत इथे उलटी पडली. माणसं तेवढीच राहिली, त्यांना वावरायला मिळणारे तास तेवढे कमी झाले.

त्याआधी जून २०२० मध्ये सम-विषमचा प्रयोग होऊन गेला होता: रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, दुसऱ्या बाजूची उद्या. तिथेही हीच अडचण होती. कापड घ्यायला निघालेला माणूस कापड घेऊनच परततो. डावी बाजू बंद दिसली तर तो उजव्या बाजूच्या दुकानात जातो, आणि तिथे दुप्पट माणसं होतात.

तासाचा हिशेब

एखाद्या वेळी बाजारात किती माणसं आहेत, हे दोन गोष्टींवर ठरतं: मिनिटाला किती आत येतात आणि प्रत्येकजण किती वेळ थांबतो. दोन्हींचा गुणाकार करायचा. समजा मिनिटाला ४० माणसं येतात आणि सरासरी दोन तास रेंगाळतात. मग आत ४,८०० माणसं असतात. येणारी माणसं तेवढीच ठेवून सरासरी थांबणं ५० मिनिटांवर आणलं, तर आत २,००० उरतात. एकाही माणसाला परत न पाठवता, एकाही दुकानदाराचं गिऱ्हाईक न तोडता गर्दी निम्म्याहून कमी होते. शिवाय संसर्गाचा धोका माणसं किती जवळ आहेत यावर असतो तसा ती किती वेळ जवळ आहेत यावरही असतो. म्हणून तासाची मर्यादा हा शहाणा विचार होता, असं आम्ही पुन्हा म्हणतो. एवढं साधं गणित बॅरिकेडशेजारी एका फलकावर लिहून लावायला हवं होतं.

आता नाक्यावर काय होतं ते बघू. पावती फाडणारा हाताने आत जाण्याची वेळ लिहितो, पाचाचं नाणं घेतो, पावती देतो. नाणं हातात तयार असेल तर याला १० सेकंद लागतात. म्हणजे एका टेबलावर मिनिटाला ६ माणसं; ४० माणसांना ७ टेबलं. पण समोरचा पन्नासची नोट काढतो. “दादा, सुट्टे नाहीत,” इथपासून सुरुवात, मग मागच्याकडे विचारणा, मग तिघांची मिळून एक पावती चालेल का, लहान मुलाचे पैसे पडतात का, गल्लीतच राहतो मग मला कशाला. दहा सेकंदांचे वीस होतात. मग मिनिटाला ३ माणसं, आणि ४० माणसांना १४ टेबलं. एवढी टेबलं मांडायला जुन्या बाजाराच्या तोंडाशी जागा नाही आणि माणूसबळही नाही.

चारच टेबलं मांडली तर मिनिटाला १२ आत जातात, २८ बाहेर साठतात. अर्ध्या तासात ८४० माणसं रांगेत. चार रांगा केल्या, सहा-सहा फुटांवर उभं केलं, तरी प्रत्येक रांग पावणेचारशे मीटरपेक्षा लांब जाते. प्रत्यक्षात सहा फूट कुणी राखत नाही, ढोपराला ढोपर लागतं. बाजारातली गर्दी नाक्यावर येऊन उभी राहते. उघड्यावरची रांग बंद दुकानापेक्षा बरी, हे खरं; पण रांगेत ताटकळलेला माणूस आत गेल्यावर आपला तास पुरेपूर वापरतो, ज्याचं काम वीस मिनिटांचं होतं तोसुद्धा.

बाहेर पडण्याच्या बाजूला आणखी मोठी त्रुटी होती. जाताना पावतीवरची वेळ तपासायला ५ सेकंद धरले तर मिनिटाला ४० माणसांसाठी किमान चार तपासनीस लागतात. मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार, भद्रकाली हा सगळा भाग बोळांनी जोडलेला. उशीर झालेला माणूस नाक्यावर कशाला येईल? बोळातून निघून जाईल. बोळ बंद करावेत तर वाड्यांमध्ये राहणारी माणसं, रुग्णवाहिका, पाण्याचे टँकर, हमाल यांची वाट अडते. दंडाची रचनाही अशी की ६१ व्या मिनिटाला ५०० आणि १८० व्या मिनिटालाही ५००. एकदा तास उलटला की लवकर निघण्याचं कारणच राहत नाही. दर जादा १५ मिनिटांना थोडा थोडा दंड वाढवला असता तर माणूस पाय उचलता झाला असता. राज्याच्या २७ मार्चच्या आदेशात सार्वजनिक ठिकाणी मास्क नसल्याचा दंड ५०० होता. बाजारात थोडा उशीर आणि उघडं तोंड, दोन्ही गुन्हे एकाच तोलाचे ठरले. यातून लोकांनी मास्कचं महत्त्व काय समजायचं?

पाच रुपये का खुपले

प्रतिक्रिया तीन तऱ्हांच्या होत्या, आणि त्या वेगवेगळ्या ऐकल्या पाहिजेत.

पहिली हक्काची. रस्ता सार्वजनिक, बाजार सार्वजनिक, मग प्रवेशाचे पैसे कोणत्या अधिकाराने? हा प्रश्न आडमुठा नव्हता. कायद्याच्या आधाराशिवाय कर घेता येत नाही, असं राज्यघटनेचं २६५ वं कलम सांगतं. हे शुल्क आहे की दंड की कर, आणि ते कशाखाली घेतलं जातं, हे पावतीवर दोन ओळींत छापलं असतं तर निम्मी हुज्जत नाक्यावर झालीच नसती. पावती फाडणाऱ्याला तोंडी समजावत बसावं लागतं आणि त्यात पुन्हा वेळ जातो.

दुसरी भाराची. लग्नाच्या बस्त्याला हजारोंनी खर्च करणाऱ्या घराला माणशी ५ रुपये म्हणजे काहीच नाही. शंभराची भाजी घ्यायला दोन मुलांना घेऊन आलेल्या बाईकडून माणशी घेतले तर १५ रुपये जातात, खरेदीच्या १५ टक्के. गर्दीत माणशी व्यापलेली जागा मात्र दोन्हीकडे सारखीच.

तिसरी प्रतिक्रिया सगळ्यात महत्त्वाची, कारण ती लोकांच्या बोलण्यापेक्षा वागण्यात येते: पैसे दिलेत, आता आमचा तास आमचा. पैसे घेतले की बंधन ही विकत घेतलेली सेवा होऊन बसते. इस्राएलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास, २००० साली प्रसिद्ध झालेला, इथे तंतोतंत लागू पडतो. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटा दंड लावला, तर उशिरा येणारे कमी होण्याऐवजी जवळपास दुप्पट झाले. आधी शिक्षिका ताटकळेल म्हणून संकोच वाटायचा. दंड लागल्यावर उशिराला दर मिळाला. दंड काढून घेतला तरी तो संकोच परत आला नाही. पाच रुपयांचं तेच झालं असतं. गर्दी टाळणं हे शेजाऱ्यासाठी करायचं काम होतं, आणि त्याला स्वस्त दर लावला गेला. रक्कम एवढी लहान की कुणी घरी थांबणार नाही, आणि एवढी ठळक की प्रत्येकाला बोचणार.

व्यापाऱ्यांची अडचण वेगळीच होती, आणि तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. बस्ता एका तासात होत नाही. नवरीकडचे चार-पाच, नवऱ्याकडचे चार-पाच, शालू, मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, फेटे. तीन तास सहज जातात. अशा गिऱ्हाइकाला तासाची पावती दिली तर ते एक तर पुन्हा पावती काढायला दोघांना नाक्यावर पाठवतं किंवा शहराबाहेरच्या दुकानात जातं. याउलट चप्पल, औषध, किराणा, घड्याळाचा सेल यांना वीस मिनिटं पुरतात. सगळ्यांना एकच तास देणं सोपं होतं, पण बाजार तसा चालत नाही. बस्त्यासाठी आधी वेळ ठरवून, दुकानाने दिलेल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडचे मिळून सहाजण, दुपारी १२ ते ४ मध्ये तीन तास, अशी सोय ठेवता आली असती. त्या वेळेत बाजार रिकामाच असतो.

रस्त्यावर पावती, दुकानात हनुवटीवर मास्क

पावतीने मोजली ती उघड्या रस्त्यावरची माणसं. धोका मात्र गाळ्याच्या आत होता. जुन्या बाजारातला नमुन्याचा गाळा घ्या: १० फूट रुंद, २५ फूट खोल, मागे भिंत, पुढे काच, वर स्प्लिट एसी. २५० चौरस फुटांपैकी निम्मी जागा कपाटांनी आणि गादीने खाल्लेली. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही; खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. तिथे पाच-सहा गिऱ्हाइकं आणि तीन कामगार अर्धा तास बसले, तर बाहेरच्या रस्त्यावर तासभर चालण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ एकमेकांचा श्वास घेतात. केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवा खेळती ठेवण्याबद्दल सविस्तर सूचना काढली ती २० मे २०२१ ला, पावतीनंतर सात आठवड्यांनी.

मास्क नेमका कधी खाली येतो, हे साडीच्या दुकानात स्पष्ट दिसतं. नाक्यावर पोलीस दिसला की तो नाकावर जातो. दुकानात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं राहतो. मग सेल्समन साडी उलगडतो, ताई पदर कसा दिसतो विचारतात, पंख्याच्या आवाजात त्याला ऐकू जात नाही, मास्क हनुवटीवर. गावाकडच्या आजीला व्हिडिओ कॉलवर शालू दाखवायचा असतो, पुन्हा खाली. घासाघीस सुरू झाली की दोन्ही बाजूंचे मास्क खाली, कारण भाव चेहऱ्यावर वाचायचा असतो. म्हणजे जिथे माणसं सगळ्यात जवळ, सगळ्यात मोठ्याने आणि सगळ्यात जास्त वेळ बोलतात, नेमका तिथेच मास्क नाही. याला बेफिकिरी म्हणून मोकळं होणं चूक आहे. मास्कने बोलणं अडतं, आणि बोलण्यावाचून व्यवहार होत नाही.

यावर उपाय बारीकसारीकच असतात. किंमत तोंडी सांगण्याऐवजी मोठ्या आकड्यांच्या कॅल्क्युलेटरवर दाखवावी. साडी दाखवणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या समोर नाही तर तिरपं बसावं. एसी बंद, पुढची काच उघडी, मागच्या भिंतीत झरोका असेल तर त्यात एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या तोंडाने. छताचा पंखा चालेल. टेबलपंखा एका गिऱ्हाइकाच्या तोंडावरून दुसऱ्याकडे हवा फेकेल असा ठेवू नये. कापडी मास्क एप्रिलच्या घामाने दोन तासांत ओला होतो, मग श्वास जड होतो आणि तो खाली ओढला जातो. कामगाराला दिवसाला तीन-चार कोरडे मास्क मालकाने द्यावेत. कानाची दोरी सैल असेल तर तिला कानाजवळ गाठ मारली की गालाकडची फट बुजते. चष्मेवाल्यांना वाफेचा त्रास होतो तो नाकावरची तार न दाबल्यामुळे, आणि म्हणूनच त्यांचा मास्क नाकाखाली असतो. हे दाखवून द्यायला एका माणसाला एक मिनिट पुरतं. ५०० रुपयांच्या दंडाने ते कळत नाही.

आकड्यांवरून काय ठरलं, काय ठरू शकत नव्हतं

पावतीने फायदा झाला का, हे लोक रोज संध्याकाळच्या आकड्यात शोधत होते. जिल्ह्याची यादी नाशिक महापालिका, मालेगाव महापालिका, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरचे अशी फोडून यायची. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची फक्त एकूण बेरीज. सोमवारी आकडा उतरला की ‘बघा, लाट ओसरली’, बुधवारी चढला की ‘पावतीचा काय उपयोग’. सोमवारी उतरण्याचं कारण बहुधा एवढंच असतं की रविवारी चाचण्या कमी होतात. किती चाचण्यांत किती बाधित, हे प्रमाण बघितल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

‘आकडे फुगवतात’ आणि ‘आकडे लपवतात’, दोन्ही तक्रारी एकाच पारावर ऐकू यायच्या. त्यामागे एक खरी विसंगती होती. आपल्या गल्लीत घरटी माणूस तापाने आडवा दिसतो, अनेकजण चाचणी न करता सीटी स्कॅन करून स्कोअर पंचवीसपैकी किती ते सांगतात, आणि यादीत ते कुठेच नसतात. दुसरीकडे ज्यांच्या घरात कुणी आजारी नाही त्यांना हजारांतला आकडा अविश्वसनीय वाटतो. दोघंही आपापल्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत होते.

मुख्य गोष्ट तारखेची. संसर्ग झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी ५ ते ६ दिवस. मग ‘उन्हाळी सर्दी असेल’ म्हणत एक-दोन दिवस. मग स्वॅब, आणि प्रयोगशाळांवर ताण असताना अहवालाला आणखी एक-दोन-तीन दिवस. म्हणजे ३० मार्चच्या यादीतले बहुतेक बाधित साधारण २० मार्चच्या आसपासचे. पावतीचा परिणाम झाला असता तर तो ८ एप्रिलनंतर दिसू लागला असता, आणि ५ एप्रिललाच दुकानं बंद झाली. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. त्यावरून पावती फसली असं म्हणणारे आणि ती नसती तर आकडा आणखी चढला असता असं म्हणणारे, दोघांकडेही पुरावा नव्हता. आकड्यांनी हा वाद सुटणार नव्हता. निर्बंध जाहीर करतानाच ‘याचा परिणाम अमुक तारखेनंतर बघा’ असं सांगितलं असतं, तर रोजच्या आकड्यावर रोज निवाडा देण्याची सवय थोडी आवरली असती.

हाच तास, पण असा

पुन्हा अशी वेळ आली तर पैसे काढून टाकावेत आणि तास ठेवावा. प्रत्येक तासाला वेगळ्या रंगाचं फुकट टोकन: पाच ते सहाचं पिवळं, सहा ते सातचं हिरवं. वेळ लिहायची नाही, सुट्टे शोधायचे नाहीत; एक टोकन द्यायला ३ सेकंद, एका टेबलावर मिनिटाला २० माणसं, दोन टेबलांत ४० आत. तासाच्या मधेच आलेल्याला पुढच्या रंगाचं द्यावं, म्हणजे कुणाचाच तास कापला जात नाही आणि शेवटी थोडा जादा वेळ मिळाल्याने फार बिघडत नाही. आत फिरणाऱ्या दोन स्वयंसेवकांना लांबूनच कळतं की हा रंग आता जुना झाला. टोकन पिनेने खांद्याला लावायचं, खिशात ठेवायचं नाही. दुपारी १२ ते ४ टोकनच नको. जो उन्हात यायला तयार आहे त्याला मोकळी वाट द्यावी. रहिवासी आणि दुकानांतले कामगार यांना आधीच कायमचे पास, म्हणजे ते रांगेत येतच नाहीत.

दारावर गाळ्याचा आकडा रंगवावा: उभं राहायची जागा जेवढी, तिच्या दर २५ चौरस फुटांना एक माणूस, कामगार धरून. वर सांगितलेल्या गाळ्यात हे पाच होतात, म्हणजे तीन कामगार असतील तर दोनच गिऱ्हाइकं. दुकानदाराला हे फार कमी वाटेल, म्हणून गादी रस्त्याच्या बाजूला ओढून अर्धा व्यवहार ओट्यावर करायची तेवढ्या दिवसांपुरती परवानगी महापालिकेने द्यावी.

आणि टोकनं दर तासाला किती गेली, तो कागद फेकू नये. पहिल्या दिवशी रात्री तो समोर ठेवून दुसऱ्या दिवशीची टेबलं ठरवावीत. सहा ते सातमध्ये हजार माणसं जास्त दिसली तर दुकानं आठपर्यंत उघडी ठेवायची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे त्याच कागदासह जावी.